पट्टीवाल्याचे उपकार

पाच वाजून सात मिनिटं! बरोब्बर पाच वाजून सात मिनिटांनी तो माणूस आमच्या घरात शिरला, आणि तुम्हाला सांगते, असा आतल्या गाठीचा, असा गोडबोल्या, असा केसानं गळा कापणारा माणूस मी जन्मात बघितला नाही... सरकता का जरा? बसते मी इथं. तुमच्या बाळाच्या डोळ्यांत थेंब घातलेत ना? मग अजून अर्धा तास काही नंबर येत नाही तुमचा. बाहुली मोठी व्हावी लागते डोळ्यातली, तोपर्यंत बसायचं. सात महिने येतेय मी इथं, या बाकाचा कुठला पाय डगमगतो तेसुद्धा पाठ आहे मला. तर तो माणूस! शिरला म्हणजे दारातून नाही हो, टीव्हीतून. कार्टूनमधला आहे तो. जपानी कार्टून, आपल्या भाषेत आवाज घातलेलं, वरच्या मजल्यावरची कॉलेजवाली त्याला ॲनिमे म्हणते. मी म्हटलं, काहीही म्हण गं, पण भुतं कशाला दाखवतेस माझ्या पोरीला?

भुतं म्हणजे काय, गावभर! दिवे लागायच्या वेळेला निघतात, कुणी जिन्यात, कुणी विहिरीत, एक तर चक्क कपाटाच्या कप्प्यात घडी घालून बसलेलं. आणि कंदील घेतलेली पाच शाळकरी पोरं त्यांच्या मागे धावतात. धावतात, पकडतात, नवीन निघतात. आता या सगळ्या भुतांना कामाला लावतो कोण? तर हा! छत्र्या दुरुस्त करणारा! एवढंसं दुकान, पुढ्यात छत्रीच्या काड्या, अंगावर स्वच्छ कपडे, तोंडावर हसू आणि एका डोळ्यावर पांढरी पट्टी. म्हणे त्या झाकल्या डोळ्यानंच त्याला भुतं दिसतात. कुणावर हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. बायामाणसं छत्री घेऊन येतात, मन मोकळं करतात, हा काडी वाकवत वाकवत ऐकून घेतो, आणि शेवटी म्हणतो, काय म्हणतो? (अगदी मऊ आवाजात, लोणी लावल्यासारखं) "मी कुठे काय म्हणतोय? मर्जी तुमची!" झालं! ती बाई घरी जाते आणि सख्ख्या बहिणीला विहिरीवर पाठवते. आणि तिला वाटतं, हे आपल्यालाच सुचलं!

मी हातातलं लाटणं... नाही, लाटणं नव्हतं, झाडू होता, झाडू घेऊन टीव्हीसमोर उभी. "मेल्या, तुझ्या छत्रीला आग लागो!" सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो ऐकतोय का तुझं?" आणि आमची ठकी? मांडी घालून बसलेली, तोंड उघडं, आणि त्या मेल्याकडे अशी बघतेय, अशी बघतेय, जसं काही त्यानं तिलाच छत्री दिलीय.

पण थांबा, मी मधूनच सांगायला लागले. ठकी म्हणजे आमची मुलगी, साडेपाच वर्षांची. ती बघा, तिकडे चष्म्याच्या काउंटरवर, बाबांचा हात ओढतेय ती. बाहीला लाल बटण आहे ना, तीच. त्या बटणाचीही गोष्ट आहे, सांगते.

तर सात महिन्यांपूर्वी शाळेत डोळे तपासायला माणसं आली, आणि घरी चिठ्ठी आली. "डाव्या डोळ्याने दिसत नाही, डॉक्टरांना दाखवा." मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. माझी पोर धावते, खेळते, भिंतीवरची मुंगी बघते! इथं आणलं. डॉक्टरबाईंनी उजवा डोळा झाकला आणि फळ्यावरचा तो तीन दातांचा कंगवा दाखवला, सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा, आणि विचारलं, "कंगव्याचं तोंड कुठे?" ठकी म्हणाली, "कुठला कंगवा?"

कुठला कंगवा! डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोळा आळशी आहे. चांगला डोळा सगळं काम करतो म्हणून हा बसून राहिलाय. चष्मा लावायचा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. सहा महिने. या वयात शिकला तर शिकेल, जसजसं वय वाढेल तसतसं अवघड." आणि मी काय आठवत बसले असेन? पेल्यात पाणी ओतताना रोज बाहेर सांडायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. मी तिला वेंधळी म्हणायचे. एकदा सांडलं म्हणून पाठीत धपाटाही घातला होता. तुम्हाला सांगते, मी शिवणकारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर आहे, दिवसाला सातशे बटणं लावते, एक बटण दोन सूत सरकलेलं असलं तर मला लांबून दिसतं, आणि माझ्याच पोरीचा डोळा साडेपाच वर्षं मला दिसला नाही!

बरं, पट्टी सुरू केली. पट्टी म्हणजे काय, चिकटणारी, एका बाजूनं मऊ. डॉक्टरबाई किती सहज म्हणाल्या, दोन तास! दोन मिनिटं ठेवून दाखवा म्हणावं! चांगला डोळा झाकला की पोरीला सगळं धूसर, ती ठेवेल कशाला? ओढायची आणि चिकटवायची. टेबलाखाली पट्टी. बाहुलीच्या पोटावर पट्टी. फ्रिजच्या दारावर चार. एकदा सासूबाई ओरडत उठल्या, "मला दिसेना, मला दिसेना!" तर त्यांच्या चष्म्यावर! मी चिडले, रडले, लाडीगोडी लावली, हातापाया पडले. यांना म्हटलं, तुम्ही सांगा जरा दरडावून. हे लिफ्ट दुरुस्त करतात, अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांशी तासतास बोलतात, पण पोरीपुढे वाचा बसते. "ठके, पट्टी लाव हं बाळा... नाही? बरं." एवढीच ती दरडावणी! महिना गेला असा. सहातला एक महिना. मी रोज कॅलेंडरवर दिवस मोजायचे.

आणि त्या दिवशी मी कोचाखाली पालथी पडून फाटलेली पट्टी शोधतेय, ठकी भोकाड पसरून रडतेय, वरची कॉलेजवाली आवाज ऐकून खाली आली, म्हणाली, "काकू, मी हिला गप्प करते," आणि लावलं ते कार्टून. पाच वाजून सात मिनिटं. मी कोचाखालून डोकं काढलं तेव्हा भिंतीवरचं घड्याळच समोर होतं. आणि घरात रडणं नाही. आणि मग पाठीमागून आवाज, "आई, मला पट्टी दे."

काय? काय म्हणालीस? "पट्टी दे ना. त्याच्यासारखी."

तुम्हीच सांगा, अशा वेळी आईनं काय करायचं? खलनायक आहे तो! अख्ख्या गावाला नाचवतो! आणि माझी पोर त्याच्यासारखी पट्टी मागतेय. मी दिली. दिली आणि मनात म्हटलं, देवा, डोळा सुधारू दे, पोर बिघडू देऊ नकोस.

तर पोर बिघडली! आठ दिवसांत! सासूबाईंच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिली, एका डोळ्यानं बघत, "आजी, तुझ्या डब्यात बिस्किटं आहेत. माझ्या पोटात जागा आहे. मी कुठे काय म्हणतेय? मर्जी तुझी!" आणि सासूबाईंनी दिली हो चार! ज्या बाई मला साखर मोजून वापरायला सांगतात, त्या! वर मलाच म्हणाल्या, "मलाच वाटलं, द्यावीत पोरीला."

तेव्हा मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, हा पट्टीवाला आहे नीच, पण याला काम येतं! मग मी नीट बसून बघायला लागले. रोज दोन भाग, पट्टी लावलेल्या ठकीच्या शेजारी, मांडीवर घरी आणलेल्या शर्टाची बटणं. तो कधीच म्हणत नाही, हे कर. तो दोन रस्ते दाखवतो आणि दोन्ही त्याच्याच दुकानाकडे येतात. "पुलावरून जाताय की विहिरीवरून?" आणि आपण इतके दिवस काय करत होतो? "पट्टी लाव, पट्टी लाव!" पोर नाही म्हणणारच! दुसऱ्या दिवशी मी आवाजाला लोणी लावलं. "ठके, पट्टी दुधाआधी लावायची की दुधानंतर? मी कुठे काय म्हणतेय, मर्जी तुझी." पोर विचारात पडली. तुम्हाला सांगते, विचारात पडली! मग म्हणाली, "दुधाआधी." मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. दूधही गेलं पोटात, पट्टीही लागली!

मग काय, मला चटकच लागली. यांना विचारलं, "नळाची गळती आज बघताय की उद्या सकाळी?" आज बघितली! आमच्या सुपरवायझरला विचारलं, "मला चारला सोडताय की पावणेचारला?" तो म्हणाला, "चारला जा, उगीच पावणेचार कशाला." एरवी साडेचारच्या आत हलू देत नव्हता मेला!

पण सुख टोचतंच ना आपल्याला. एक दिवस ती कॉलेजवाली आली आणि ठकीला बघून म्हणाली, "अगं, तुझी पट्टी उलट्या डोळ्यावर आहे. त्याची डाव्या डोळ्यावर असते!" एवढं बोलून गेली निघून. आणि मला पत्ताच नाही! पोरीनं स्वतः पट्टी काढून डाव्या डोळ्यावर लावली. मी रोज बघतेय, समोर बसतेय, आणि मला कळलं नाही. कळणार कसं? समोरच्या माणसाचा उजवा तो आपला डावा, आपला डावा तो... सातवीपर्यंत शिकलेय मी, डावंउजवं कळतं मला, पण समोर पोर असली आणि मनात धास्ती असली की सगळा घोळ होतो. चार दिवस! चार दिवस आळशी डोळा झाकलेला आणि चांगला उघडा! आणि मी काय म्हणत होते माहितेय? "बघा हो, पट्टी लावूनही पाणी सांडत नाही आता! सुधारला हो डोळा!" यांना बोलावून दाखवलं. सासूबाईंना दाखवलं. तिघं जण पेल्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवतोय! सांडेल कसं? चांगल्या डोळ्यानं ओततेय ती!

पाचव्या दिवशी तिला खिडकीच्या काचेत बघितलं. मी मागे, ती पुढे, दोघींची तोंडं एकाच बाजूला. आणि पट्टी कुठल्या बाजूला? हातातलं भांडं खाली पडलं माझ्या. तशीच फोन लावला इथं. तिकडून डॉक्टरबाई शांत, "चार दिवसांनी फार काही बिघडत नाही. आता बरोबर डोळ्यावर लावा." लावा! काय लावा? पोर ऐकेना. "त्याची डावीकडे आहे, माझीपण डावीकडेच! नाहीतर मला भुतं कशी दिसतील?"

आता बोला! खलनायकाचा डावा डोळा आणि माझ्या पोरीचा उजवा, यांचं जमवायचं कसं? रात्रभर... नाही, झोपले मी, खोटं कशाला बोलू, पण मशीनवर दिवसभर तोच विचार. मशीनसमोर खिडकीची चौकोनी काच आहे तिथं, आणि त्या काचेत स्वतःचंच तोंड बघता बघता सुचलं. घरी आले, पट्टीवाल्याचा चेहरा पडदाभर आला तसं कार्टून थांबवलं, ठकीला अगदी टीव्हीसमोर उभं केलं, नाकासमोर नाक. म्हटलं, "दोन पट्टीवाले भेटले की काय करतात, ठाऊक आहे का? पट्टीला पट्टी लावतात. तेव्हाच गुपित कळतं. आता बघ, त्याची पट्टी तुझ्या कुठल्या डोळ्यासमोर येते?" तिनं बोट लावलं. त्याच्या पट्टीवर एक बोट, मग सरळ स्वतःकडे... उजवा डोळा! "आता तुला गुपित हवंय की नकोय... मी कुठे काय म्हणतेय?" पोरीनं स्वतःच्या हातानं पट्टी बदलली! मी त्याच संध्याकाळी तिच्या सगळ्या फ्रॉकांच्या उजव्या बाहीला लाल बटण शिवलं. ज्या बाजूला लाल बटण, त्या बाजूचा डोळा. आता समोरून बघा, मागून बघा, झोपेत बघा! सातशे बटणं लावते मी दिवसाला, पण तुम्हाला सांगते, कामाची बटणं तीच आठ.

बरं, सगळं सुरळीत चाललंय म्हणताना नवीन घोर. पाच महिने झाले, डोळा फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीवर आला, आणि तिकडे कार्टूनमध्ये कंदीलवाल्या पोरांना संशय यायला लागला! छत्रीच्या दुकानाखाली तळघर आहे हे त्यांना कळलं. माझं अन्नावरचं लक्ष उडालं. मशीनवर बसून पुटपुटतेय, "देवा, सांभाळ रे त्याला, अजून पाच आठवडे सांभाळ." शेजारच्या मशीनवर कॉलर शिवणारी म्हणाली, "कोण गं आजारी? माहेरचं कुणी?" काय सांगू? म्हटलं, "छत्रीवाला आहे एक. अडचणीत आहे." तिनंही हात जोडले बिचारीनं.

शेवटी त्या कॉलेजवालीला जिन्यात गाठलं. "सांग गं बाई, काय होतं त्याचं?" ती म्हणाली, "काकू, मस्त शेवट आहे! शेवटच्या भागात तो स्वतःच पट्टी काढून फेकतो. खाली डोळा अगदी चांगला! सगळं नाटक असतं त्याचं!"

मस्त? मस्त! मी जिन्यातच बसले. अहो, त्यानं पट्टी फेकली की ठकी फेकणार! पाच महिन्यांची मेहनत त्या भामट्याच्या एका झटक्यात जाणार! आणि राहिलेत किती भाग? सहा. म्हणजे तीन दिवस!

घरात बैठक बसली. यांना म्हटलं, "तुम्ही लिफ्टवाले, तारांमधलं कळतं, टीव्ही बिघडवा." हे म्हणाले, "मी दुरुस्त करायला शिकलोय. बिघडवायचं कुणी शिकवलं नाही." धन्य! तेव्हा कुणी डोकं चालवलं? सासूबाईंनी! दुसऱ्या दिवशी पाचला टीव्हीपुढे बसल्या, डोळे मिचकावले, आणि म्हणाल्या, "ठके, मी म्हातारी, मला सुरुवातीचं काही आठवत नाही गं. तू मला पहिल्यापासून दाखवशील की मी अशीच न कळता बसू? मी कुठे काय म्हणतेय..." अगदी त्याच आवाजात! ठकी आजीकडे बघते, माझ्याकडे बघते, मग म्हणाली, "बरं. पण मग रोज दोनच्या जागी तीन भाग." आम्ही तिघं एका सुरात, "हो हो, तीन!"

पाच आठवडे, पहिल्यापासून! तोच जिना, तीच विहीर, तेच घडी घातलेलं भूत! सासूबाईंना संवाद पाठ झाले. आणि पट्टी रोज दोन तास, उजव्या डोळ्यावर, लाल बटणाच्या बाजूला. आम्हाला काय वाटत होतं? वाटत होतं, कसं गुंडाळलं पोरीला!

आणि आज. मघाशी, आत. उजवा डोळा झाकला, डॉक्टरबाईंनी काठी फळ्यावर ठेवली. वरची ओळ, सांगितली. तिसरी, सांगितली. पाचवी, सांगितली. सहावी! खालून दुसरी! एवढे एवढे मुंगीएवढे कंगवे, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, फटाफट! ज्या पोरीनं मला विचारलं होतं, कुठला कंगवा! मी तिथंच रडले, हे छताकडे बघत राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता पट्टी बंद. चष्मा ठेवायचा, तीन महिन्यांनी दाखवायचं. आणि ठकीबाई, तुम्ही इतकी शहाण्यासारखी पट्टी कशी काय लावलीत?"

मी म्हटलं, आता पोर कार्टूनचं नाव घेणार. मीच पुढे झाले, सगळं सांगितलं, पट्टीवाला, शेवटचा भाग, आम्ही कशी युक्ती केली ते. ठकीसमोरच! आता पट्टी बंद, मग लपवायचं कशाला? तर ठकी खुर्चीवर पाय हलवत म्हणते, "मला माहितीये शेवट. वरच्या ताईनं मला तिच्या फोनवर केव्हाच दाखवला होता."

केव्हाच म्हणजे? "आजीला पहिल्यापासून दाखवलं ना, त्याच्या आधी."

म्हणजे पाच आठवडे हिला ठाऊक होतं! पाच आठवडे तीन-तीन भाग, वर बिस्किटं, वर सगळं घर हिच्याभोवती नाचतंय! मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" म्हणाली, "तुम्ही सगळे इतकं छान नाटक करत होतात. मी कुठे काय म्हणाले? मर्जी तुमचीच होती."

आणि मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "पण बाळा, त्यानं पट्टी फेकली हे माहीत होतं, तर तू का नाही फेकलीस?" तर माझी साडेपाच... आता सहा झाली, सहा वर्षांची पोर काय म्हणाली असेल? "त्याचा डोळा चांगला होता. माझा नव्हता ना."

आता सांगा, कुणी कुणाला गुंडाळलं?

म्हणून म्हणते, त्या मेल्याचे उपकार आहेत माझ्यावर. शाळेत आलेल्या त्या माणसांचे आहेत, डॉक्टरबाईंचे आहेत, सासूबाईंचे तर आहेतच, पण त्या छत्रीवाल्याचेही आहेत. खोटं नाही बोलत, काल त्याचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा मी हळूच हात जोडले, झाडू खाली ठेवून.

आला हो तुमचा नंबर, पुकारतायत बघा. जाता जाता एवढंच ऐका. घरी गेलात की शेजारपाजारच्या पोरांचा एक डोळा झाकून बघा म्हणावं, मग दुसरा, आणि विचारा काय दिसतं ते. खेळ म्हणून करा, दोन मिनिटांचं काम. मला कुणी सांगितलं असतं तर मी पोरीला वेंधळी म्हटलं नसतं. तुमच्या वहिनीला सांगा, जिन्यातल्या बाईला सांगा, जिला तिला सांगा.

आज सांगताय की उद्या सकाळी? ...मी कुठे काय म्हणतेय! मर्जी तुमची.